माडीवरची उमेदवारी

व्यापारी घरातला मुलगा दुकानात येऊ लागला की पहिले काही महिने त्याला गल्ल्यावर बसवत नाहीत. तो माल उलगडतो, पुन्हा घड्या घालतो, गिऱ्हाइकाला पाणी देतो, दिवाणजींच्या शेजारी बसून आवक-जावक लिहितो आणि चुकला की सर्वांसमक्ष बोलणी खातो. आमचे वडील या काळाला ‘उमेदवारी’ म्हणत. तिची फी नसे, पगारही नसे. सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांचा आमचा घाऊक व्यापार. ‘एकच भाव’ अशी पाटी वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवून दुकानात लावली, ती आजही तिथेच आहे. आम्हा दोघा भावांची उमेदवारी त्या पाटीखाली झाली.

धाकट्या बंधूंच्या कन्येची उमेदवारी मात्र माडीवरच्या एका टेबलापाशी, लॅपटॉपसमोर पार पडली, आणि तिचे शिक्षक सातासमुद्रापलीकडे होते. त्या दोन वर्षांत जे पाहिले, ते लिहून ठेवावे असे वाटले. कारण आपल्या अनेक घरांत आज एखादा मुलगा, मुलगी किंवा सूनबाई ‘वेब डिझाइन’ शिकण्याचा विचार करीत आहे, आणि वडीलधाऱ्यांपुढे पहिला प्रश्न फीचा उभा राहत आहे.

आमची सुरुवात फीनेच झाली. बी. कॉम. झाल्यावर पुतणीने शहरातील एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. फी पंचेचाळीस हजार रुपये. प्रमाणपत्र उत्तम कागदावर छापलेले होते. बंधूंनी ते चौकटीत बसवून घेतले. त्यानंतर मी तिला आपल्या दुकानाची वेबसाइट करावयास सांगितले. दुकानातल्या संगणकावर ती झोकदार दिसली. विदर्भातील आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याने ती आपल्या मोबाइलवर उघडली आणि दूरध्वनी केला, “शेठ, तुमची साइट उघडेपर्यंत माझा चहा संपतो. आणि भावाचा तक्ता निम्मा बाहेर जातो, तो पाहायचा कसा?”

पुतणीला दोष कोठे आहे तेच कळेना. क्लासमध्ये तयार साच्यात चित्रे आणि मजकूर भरण्यास शिकवले होते. साचा आतून कसा घडतो, हे शिकवलेच नव्हते. मी पुण्यातील मोठ्या संस्थेची चौकशी सुरू केली. तेव्हा ती म्हणाली, “काका, आणखी क्लास नको. मला एक वर्ष द्या आणि घरात इंटरनेट चांगले घ्या. शिकण्याचे सगळे साहित्य फुकट आहे.” हे ऐकून तिचे वडील तत्काळ म्हणाले, “फुकट मालाला भाव नसतो.”

व्यापाऱ्याची ही शंका रास्त होती. माल फुकट मिळत असेल, तर त्याचा खर्च कोणी तरी कोठे तरी उचलत असणार. म्हणून मी प्रथम तोच शोध घेतला.

सर टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्या संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर कोणतेही शुल्क न घेता सर्वांना वापरण्यास खुले केले. शिवाय वेबच्या रचनेतच एक मोकळेपणा आहे : कोणत्याही पानाचा कच्चा मजकूर, म्हणजे त्यामागील एचटीएमएल, ब्राउझरमध्ये कोणासही उघडून पाहता येतो. ज्या धंद्यात प्रत्येकाची वही उघडी आहे, तेथे विद्या झाकून ठेवणे अवघड होते. पहिल्या पिढीतले बहुतेक कारागीर अशाच उघड्या वह्या वाचून शिकले, आणि पुढे त्यांनी आपले ज्ञान लेखांच्या रूपाने मांडले. जेफ्री झेल्डमन यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ हे नियतकालिक वेबवर सुरू केले ते १९९८ साली. जर्मनीतून निघणारे ‘स्मॅशिंग मॅगझिन’ २००६ चे. उपजीविकेपुरते अर्थकारण प्रत्येकाचे निराळे आहे. कोणी जाहिराती घेतो, कोणी पुस्तके विकतो, कोणी देणग्यांवर चालतो. धर्मशाळा आणि खानावळ दोन्हीकडे जेवण मिळते, परंतु आपण कोठे बसलो आहोत हे माहीत असावे, एवढेच.

या हिशेबाने पाहता पुतणीने धरलेले पहिले दोन आधार निरनिराळ्या जातीचे निघाले. ‘डब्ल्यूथ्रीस्कूल्स’ हे नॉर्वेतील एका कंपनीचे संकेतस्थळ १९९८ पासून चालू आहे. जाहिराती आणि प्रमाणपत्रांची विक्री यांवर ते चालते. नवख्याला ते सोपे जाते. लहान उदाहरण दिलेले असते आणि तेथेच ते बदलून पाहता येते. त्याच्या नावावरून अनेकांचा समज होतो की वेबचे नियम ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेशी त्याचा संबंध आहे. तसा तो नाही. दुसरा आधार ‘एमडीएन’. फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिलाने २००५ साली उभा केलेला हा ग्रंथराज आहे, आणि जगभरातील जाणकार त्यात भर घालत असतात. कोणता गुणधर्म कोणत्या ब्राउझरमध्ये चालतो, कोठे अडतो, याचा तक्ता प्रत्येक पानाच्या तळाशी असतो. भाषा थोडी कठीण आहे. पुतणी पहिल्या महिन्यात त्याला कंटाळली. सहाव्या महिन्यात दुसरे काही उघडेना. माझे मत विचाराल, तर नवख्याने पहिल्याने समजून घ्यावे ते, थोडे जड गेले तरी, एमडीएनमधील नवशिक्यांच्या विभागातूनच.

नुसते वाचून हात बसत नाही. त्यासाठी ‘फ्रीकोडकॅम्प’. क्विन्सी लार्सन या शिक्षकाने २०१४ साली सुरू केलेली ही देणग्यांवर चालणारी ना-नफा संस्था आहे. पडद्याच्या एका बाजूस सूचना, मध्ये लिहिण्याची जागा, दुसऱ्या बाजूस तयार होत जाणारे पान. लिहिलेले चुकले तर पुढची पायरी उघडत नाही. आमच्या दिवाणजींची आठवण यावी असाच प्रकार! मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत सर्वत्र नीट दिसणारी पाने कशी रचावीत, या विषयाच्या प्रमाणपत्रासाठी ही संस्था अनेक वर्षे सुमारे ३०० तासांचा अभ्यास धरत आली. रोज दोन तास म्हटले तरी पाच महिने झाले. ‘पंधरा दिवसांत वेब डिझायनर व्हा’ अशी जाहिरात मोबाइलवर आली, की हा आकडा आठवावा.

मला स्वतःला मौज वाटली ती बेडकांची. पडद्यावरील वस्तू ओळीत, मध्यभागी, सारख्या अंतरावर मांडण्याची ‘फ्लेक्सबॉक्स’ नावाची एक पद्धत आहे. ती शिकवण्यासाठी ‘फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी’ हा खेळ केलेला आहे : योग्य आज्ञा लिहिली की बेडूक आपल्या कमळपानावर जाऊन बसतो. चोवीस पायऱ्या आहेत. त्याचेच भावंड ‘ग्रिड गार्डन’. त्यात आज्ञेनुसार गाजरांच्या वाफ्याला पाणी जाते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सात पायऱ्यांपर्यंत पोहोचलो, आठवीला बेडूक पाण्यात राहिला.

पण या साऱ्यांत ज्याने पुतणीची दृष्टी बदलली, ते एक जुनेच संकेतस्थळ : ‘सीएसएस झेन गार्डन’. कॅनडातील डेव्ह शे यांनी ते २००३ साली उघडले. रूपसज्जेची भाषा, म्हणजे सीएसएस, तेव्हा नवी नव्हती. होकन व्हियुम ली यांनी ती १९९४ साली सुचवली होती आणि १९९६ च्या अखेरीस तिला मान्यताही मिळाली होती. तरीही डिझायनर मंडळींचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. शे यांनी एकच पान दिले आणि अट घातली, की यातील एचटीएमएलच्या अक्षरालाही हात लावायचा नाही. केवळ सीएसएस बदलून रूप बदलायचे. शेकडो कलावंतांनी तेच पान नाना रूपांत पाठवले. कोठे ते जुन्या सिनेमाच्या भित्तिपत्रकासारखे दिसते, कोठे बागेसारखे, कोठे समुद्रतळासारखे. मजकूर तोच, क्रमही तोच.

पुतणीने मला ही पाने एकामागून एक दाखवली, तेव्हा गाठोड्यातल्या एकाच चादरीची आठवण झाली. ती रॅकमध्ये घडी करून ठेवली तर एक, दर्शनी काचेत पसरली तर दुसरी, पलंगावर घातली तर तिसरी. माल मात्र एकच. एचटीएमएल हा माल आणि सीएसएस ही मांडणी, हा भेद तिच्या मनात त्या दिवशी पक्का झाला. क्लासच्या साच्यात ही दोन्ही एकमेकांत अशी गुंतलेली होती, की भावाचा तक्ता हलवण्यासाठी हात घातला तर सबंध पान विस्कटे.

तक्ता बाहेर जाण्याचे उत्तरही एका जुन्या लेखात होते. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या नावाचा लेख लिहिला. पडद्यागणिक वेगळी वेबसाइट करू नका; रुंदी टक्क्यांत मोजा, चित्रे लवचीक ठेवा आणि पडद्याच्या मापानुसार नियम बदला, असे त्याचे सार. आज हा विचार सर्वत्र रूढ आहे, म्हणून कोणी मूळ लेख वाचत नाही. पुतणीने तो वाचला आणि दुकानाच्या तक्त्यातील ‘इतके पिक्सेल’ अशी ताठ मापे काढून टाकली. क्रोम ब्राउझरमध्ये एफ-बारा ही कळ दाबल्यास कारागिराची अवजारपेटी उघडते. तीत निरनिराळ्या मोबाइलच्या मापात पान कसे दिसेल ते पाहता येते. त्याच पेटीत ‘लाइटहाउस’ नावाची तपासनीस आहे. ती पानाला वेग, सुलभता आदी बाबतींत शंभरपैकी गुण देते. आमच्या पहिल्या पानाला वेगात मिळालेले गुण सांगण्यासारखे नाहीत. कारण साधे होते. चादरींची छायाचित्रे मोबाइलवर काढून जशीच्या तशी चढवली होती, एकेक चार-पाच एमबीचे. गुगलच्या क्रोम विभागाने केलेल्या ‘स्क्वूश’ या मोफत साधनात ती आकाराने लहान करून ‘वेबपी’ स्वरूपात घातल्यावर पान हलके झाले. चहा संपण्याची तक्रार त्या आठवड्यात मिटली.

आता ज्या विषयात परदेशी गुरू फारसे कामास येत नाहीत त्याकडे वळतो, तो म्हणजे आपली देवनागरी.

दुकानाची माहिती आम्ही छापखान्यातून आणली होती. दिवाळीच्या जाहिरातीसाठी तेथे ती मराठीत जुळवलेली होतीच. ती वेबसाइटच्या पानावर चिकटवताच अगम्य रोमन अक्षरांचा खच पडला. छापखान्यांतील जुन्या टंकांत मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असतो. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे मराठी दिसत नाही आणि शोधयंत्रासही सापडत नाही. वेबवर युनिकोडच हवे. सर्व मजकूर पुन्हा टंकित करावा लागला, ते काम तिच्या आईने दुपारच्या वेळी बसून केले.

पुढची मेख अधिक सूक्ष्म होती. इंग्रजी धड्यांत शीर्षकाची अक्षरे थोडी सुटी केली की ती देखणी दिसतात असे सांगतात. तोच प्रयोग ‘चादर भांडार’ या शब्दांवर केला तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर आपल्याला अपुरे पडते, कारण आपल्या अक्षरांवर मात्रा-रफार असतात आणि खाली उकार-ऋकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि ‘ल’ व ‘श’ यांची गोष्ट तर पुष्कळ डिझायनरांनाही ठाऊक नसते. या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही मराठी वळणेच प्रमाण मानली आहेत. ज्या टंकात दोन्ही वळणांची सोय आहे, त्यात पानाच्या एचटीएमएलमध्ये ‘भाषा : मराठी’ ही छोटीशी नोंद केली की मराठी ‘ल’ आपोआप उमटतो. नोंद नसेल तर हिंदी वळण येते. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी यंत्रेही हीच नोंद पाहून उच्चार ठरवतात. आकड्यांचेही तसेच. जावास्क्रिप्टमध्ये संख्येला ‘मराठी-भारत’ ही खूण दिली की ती देवनागरी अंकांत आणि लाख-हजारांच्या आपल्या स्वल्पविरामांनी, १,२३,४५६ अशी छापली जाते. हे पाहून बंधूंना प्रथमच या विषयात रस वाटला.

टंकांच्या बाबतीत मराठी कारागिरांचे ऋण मोठे आहे. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. मुंबईतील ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्याच आरेखन केंद्राचे ‘डी-सोर्स’ हे संकेतस्थळ डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी खुले आहे, आणि त्यात भारतीय लिपी व सुलेखन यांवरील साहित्य आहे. आपल्या मुलांना परदेशी वाहिन्या तोंडपाठ असतात, पण हे घरचे भांडार माहीत नसते याची खंत वाटते. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांनी मुंबई आयआयटीच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाकडे जरूर वळावे. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी चालवलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलेले आहे. इंकस्केप, जिम्प यांसारखी चित्रकामाची मोफत सॉफ्टवेअर तेथून शिकता येतात.

रंगांविषयी एक घरगुती प्रसंग. पानावरचा मजकूर पुतणीने फिकट राखाडी रंगात ठेवला होता. तो तिला ‘सौम्य’ वाटे. माझ्या मातोश्रींनी, म्हणजे तिच्या आजींनी, मोबाइल हातात घेऊन विचारले, “अगं, इथे काही लिहिलं आहे का?” वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की सामान्य आकाराच्या अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, काळ्यावर पांढरे हे २१ : १. अमेरिकेतील ‘वेबएम’ या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन रंग टाकले की हे प्रमाण लगेच मिळते. पुतणीचा राखाडी त्यात नापास झाला. आपली निम्मी गिऱ्हाइके चाळिशी ओलांडलेली आहेत, हे दुकानदाराच्या मुलीने विसरायला नको होते, असे मी म्हणालो. तिला ते थोडे लागलेही.

या मार्गात खाचखळगे नाहीत असे मुळीच नाही. पहिला खळगा म्हणजे केवळ चित्रफिती पाहत राहणे. तीन महिने ती रात्री पडून पाठ पाहत असे आणि सकाळी कोरे पान उघडले की हात थबके. मग तिने नियम केला, की पाहिलेला पाठ दुसऱ्या दिवशी न पाहता स्वतः लिहायचा. ‘कोडपेन’ या वहीसारख्या जागेवर असे तिचे शंभराहून अधिक तुकडे आजही आहेत. दुसरी अडचण एकटेपणाची. क्लासमध्ये शेजारी कोणी असते, घरात नसते; एप्रिल महिन्यात तिने आठ दिवस लॅपटॉप उघडला नाही आणि बंधूंनी पुण्याचा विषय पुन्हा काढला. त्या आठ दिवसांत घरात जे बोलणे झाले ते येथे लिहीत नाही. तिसरी गोष्ट अलीकडची. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात सबंध पान लिहून देते. मग शिकायचे कशाला, असे तिच्या भावाने विचारले. तिने त्याच्यासमोर असे एक पान तयार करून घेतले. दिसण्यात ठीक होते, परंतु भाषेची नोंद इंग्रजी होती आणि चित्रांना वर्णने नव्हती. दुसऱ्याने लिहिलेली खतावणी तपासायची, तर जमाखर्च स्वतःला यावा लागतो. आमच्या घरात हे समजावून सांगावे लागले नाही.

वर्षाचे चौदा महिने झाले. दुकानाची वेबसाइट तिने तिसऱ्यांदा, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिली. चौकटीतले प्रमाणपत्र तिने स्वतःच भिंतीवरून उतरवले. ज्याला काम पाहायचे असेल त्याला ती आता ‘गिटहब’वर ठेवलेले आपले नमुने दाखवते, तेथे साधी वेबसाइट विनामूल्य ठेवता येते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास बाजारपेठेतील एका भांडी व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानासाठी तिच्याकडून वेबसाइट करून घेण्याचे ठरवले. तिने कामाचे तास मोजून रक्कम सांगितली. ते घरोब्याचे गृहस्थ. हसून म्हणाले, “बेटा, शिकलीस तर सगळं फुकटात, मग आमच्याकडून एवढे कसले घेतेस? निम्मे कर.” पुतणी गप्प झाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्याआधी तिच्या वडिलांनी चष्मा काढून वहीवर ठेवला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले.

“शेठ, आमच्याकडे एकच भाव असतो.”

रक्कम दोन हप्त्यांत जमा झाली. पावती पुतणीने स्वतःच्या नावाने फाडली, आणि तिची स्थळप्रत बंधूंनी दुकानाच्या फायलीत न लावता वेगळी ठेवली आहे.